हॅशटॅग निवडताना: आपला शब्द नाही, गिऱ्हाइकाचा शब्द

*सभासद सल्ला | विषय: थेट विक्री आणि मोबाईल*



शेडवर माल चढलाय. रॅकवरचा बेदाणा झाडून प्रतवारीला यायला थोडेच दिवस राहिलेत. यंदा बरेच सभासद सगळा माल सौद्याला न लावता थोडा तरी पाकिटं करून थेट घरगुती गिऱ्हाइकाला देणार आहेत. त्यासाठी फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर पोस्ट टाकणंही सुरू झालंय. चांगली गोष्ट आहे.

पण पोस्ट बघितल्या तर एक गोष्ट सारखी दिसते. फोटो झकास, माल झकास आणि खाली वीस-पंचवीस हॅशटॅगची रांग: #शेतकरी #शेती #जयजवानजयकिसान #बळीराजा #महाराष्ट्र #व्हायरल #ट्रेंडिंग. या पोस्टला लाईक येतात, पण ऑर्डर येत नाही. कारण लाईक करणारे सगळे आपल्यासारखेच शेतकरी असतात. बेदाणा विकत घेणारी पुण्या-मुंबईची ताई 'बळीराजा' असा शब्द टाकून बेदाणा शोधत नाही.

आजचा पाठ एवढ्याच गोष्टीवर आहे. सावकाश वाचा, संदेश जपून ठेवा.

*१) हॅशटॅग म्हणजे काय?*

शब्दाच्या आधी # ही खूण लावली की तो शब्द निळा होतो आणि त्याच्यावर बोट ठेवलं की तोच शब्द लावलेल्या सगळ्यांच्या पोस्ट एका जागी दिसतात. २००७ साली क्रिस मेसिना नावाच्या माणसाने ट्विटरवर ही पद्धत सुचवली, पुढे सगळीकडे पसरली.

आपल्या भाषेत सांगायचं तर हॅशटॅग म्हणजे मार्केट यार्डातल्या गाळ्यावरची पाटी. पाटी बघून गिऱ्हाईक आत येतं. पण 'माल मिळेल' एवढंच लिहिलं तर कोण येणार? आणि बेदाण्याच्या गाळ्यावर 'कांदा' लिहिलं तर येणारा माणूस तोंड वाकडं करून जाणार.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. *हॅशटॅगने माल विकला जात नाही.* माल विकला जातो तो फोटो, भाव, वजन, पोचवण्याची सोय आणि विश्वास यावर. हॅशटॅग फक्त योग्य माणसाला दारापर्यंत आणतो. आता तर इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरातले साधे शब्दही शोधात धरले जातात. म्हणून पहिल्या ओळीतच 'सांगलीचा हिरवा बेदाणा, १ किलो पाकीट, पुण्यात घरपोच' असं सरळ लिहा. हॅशटॅग त्याच्यानंतर.

*२) हॅशटॅग कुठे चालतो, कुठे नाही?*

▪️ *इन्स्टाग्राम:* चालतो. पण खातं 'प्रायव्हेट' असेल तर तुमची पोस्ट फक्त तुमच्या फॉलोअरनाच दिसते. हॅशटॅग लावून उपयोग नाही. विक्रीचं खातं उघडं ठेवा.

▪️ *फेसबुक:* चालतो, पण पोस्ट 'पब्लिक' हवी. पोस्ट टाकताना नावाखाली पृथ्वीच्या गोळ्याची खूण दिसते का बघा. दोन माणसांची खूण असेल तर ती पोस्ट फक्त मित्रांसाठी आहे.

▪️ *यूट्यूब:* चालतो. व्हिडिओच्या वर्णनात लिहिलेल्या हॅशटॅगपैकी जास्तीत जास्त तीन शीर्षकाजवळ दिसतात, म्हणून महत्त्वाचे आधी लिहा. साठच्या वर हॅशटॅग टाकले तर यूट्यूब सगळेच सोडून देतं.

▪️ *व्हॉट्सॲप:* इथे हॅशटॅगने नवीन गिऱ्हाईक येत नाही. स्टेटस तुमच्या नंबरवाल्यांनाच दिसतं, मग #व्हायरल लिहून काय होणार? तिथे तीच जागा भाव आणि वजन लिहायला वापरा.

*३) मुख्य धडा: गिऱ्हाईक काय म्हणतं?*

आपण शेडवर 'बेदाणा' म्हणतो. सौद्यातही तोच शब्द. पण शहरातल्या बऱ्याच घरांत 'मनुका' म्हणतात, हिंदी बोलणारं गिऱ्हाईक 'किशमिश' म्हणतं आणि दुकानाच्या पाकिटावर इंग्रजीत 'रेझिन्स' छापलेलं असतं. माल एकच, शब्द चार. फक्त #बेदाणा लिहिलं तर तीन दारं बंद.

तसंच आपण 'तास-ए-गणेश', 'सोनाका', 'माणिक चमन' या जातींची नावं अभिमानाने लिहितो. व्यापाऱ्याला, दुसऱ्या बागायतदाराला त्याचा अर्थ कळतो. दिवाळीच्या लाडवासाठी बेदाणा घेणाऱ्या ताईंना कळत नाही. जातीचं नाव मजकुरात जरूर लिहा, पण हॅशटॅगची जागा गिऱ्हाइकाच्या शब्दाला द्या.

शब्द कसा सापडतो? घरातल्या शहरात राहणाऱ्या पाहुण्याला फोन करून विचारा, 'दुकानात गेल्यावर काय म्हणून मागता?' जे उत्तर येईल तो तुमचा हॅशटॅग.

*४) लावायच्या आधी तपासा, कारण शब्द फसवतात*

कुठलाही हॅशटॅग पहिल्यांदा वापरण्याआधी तो ॲपच्या शोधाच्या जागेत टाका आणि वरच्या नऊ-दहा पोस्ट बघा. तिथे आपल्यासारखा माल दिसला तर शब्द बरोबर. भलतंच दिसलं तर सोडून द्या. आपल्या मालाचीच उदाहरणं बघा:

🔸 *मनुका* हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की न्यूझीलंडचा मध समोर येतो! तिकडे मानुका नावाचं झुडूप आहे, त्याच्या फुलांचा मध जगभर महाग विकला जातो. इंग्रजीतला मनुका शोधणारा माणूस मध शोधतोय. तिथे आपला बेदाणा टाकून उपयोग नाही. देवनागरीत #मनुका लिहा, ही अडचण येत नाही.

🔸 *बेदाणा* इंग्रजी अक्षरांत लिहिला तर बंगाली लोकांचा 'बेदाना' येऊन मिसळतो. बंगालीत बेदाना म्हणजे डाळिंब. इथेही देवनागरीच बरी.

🔸 *हळद* किंवा इंग्रजी अक्षरांत *हल्दी* टाकून बघा. लग्नातली हळद, पिवळ्या साड्या, फुलांचे दागिने, नाचगाणी. हळद पावडर विकायची असेल तर नुसतं #हळद नको, #हळदपावडर किंवा #सांगलीहळद लिहा.

🔸 *केसर* लिहिलं तर केसर आंबाही येतो आणि दुधात घालायचं केशरही. आंबेवाल्या सभासदांनी #केसरआंबा असा जोडशब्द करावा.

यातून नियम असा निघतो: *एकट्या शब्दापेक्षा जोडशब्द चांगला.* एकटा शब्द गर्दीचा असतो आणि त्याला दहा अर्थ असतात. जोडशब्दाला गर्दी कमी, पण येतो तो माणूस नेमका आपल्या मालासाठी येतो.

गर्दीचंही तसंच आहे. #फूड, #इंडिया अशा शब्दांवर सतत पोस्टचा पूर चालू असतो. तुमची पोस्ट वर यायच्या आत खाली गेलेली असते. उलट, कुणीच वापरत नाही असा शब्द असेल तर तिथे बघायलाही कुणी येत नाही. मधला शब्द निवडा, जिथे आपल्यासारख्या मालाच्या पोस्ट आहेत आणि त्यांच्याखाली 'भाव काय?' 'कुठे मिळेल?' असं लोक विचारतायत. अशी विचारणा दिसली की समजा, बाजार इथे भरलाय.

*५) चार पाट्या: प्रत्येक पोस्टला एवढं पुरे*

हॅशटॅग निवडताना चार प्रश्न विचारा.

*काय आहे?* मालाचं नाव, गिऱ्हाइकाच्या शब्दात.
उदा. #मनुका #किशमिश #हळदपावडर

*कुठला आहे?* मालाचं गाव किंवा जिल्हा.
उदा. #सांगलीबेदाणा #तासगावबेदाणा

*कशासाठी, कुणासाठी आहे?* सण, पदार्थ किंवा पोचवण्याचं शहर.
उदा. #दिवाळीफराळ #डिंकाचेलाडू #पुणेघरपोच

*कुणाचा आहे?* तुमचा स्वतःचा किंवा कंपनीचा कायमचा हॅशटॅग. तो प्रत्येक पोस्टला तोच ठेवा, एकही अक्षर बदलू नका. गिऱ्हाईक त्याच्यावर बोट ठेवेल तेव्हा तुमचा शेडवरचा, प्रतवारीचा, पॅकिंगचा सगळा माल एका जागी दिसला पाहिजे. विश्वास इथे तयार होतो. नाव ठरवायच्या आधी शोधून बघा, दुसरं कुणी वापरत असेल तर वेगळं घ्या.

प्रत्येक प्रश्नाला एक किंवा फार तर दोन. एकूण तीन ते पाच. इन्स्टाग्रामने वर्षानुवर्षे एका पोस्टला ३० पर्यंत हॅशटॅगची मुभा दिली होती. पण २०२१ मध्ये त्यांनीच पोस्ट करणाऱ्यांना सांगितलं की ३ ते ५ नेमके वापरा. तीस औषधं एकत्र करून फवारली म्हणून रोग लवकर जात नाही, तसंच हे.

*६) लिहिण्याच्या छोट्या पण महत्त्वाच्या गोष्टी*

✅ # आणि शब्दात जागा सोडू नका. #सांगली बेदाणा असं लिहिलं तर हॅशटॅग फक्त 'सांगली' धरला जातो. #सांगलीबेदाणा असं जोडून लिहा.

✅ मध्ये आडवी रेघ (-), टिंब किंवा स्वल्पविराम आला की हॅशटॅग तिथेच तुटतो. जोडायचंच असेल तर खालची रेघ चालते: #सांगली_बेदाणा. पण जोडलेला आणि खालच्या रेघेचा हे दोन वेगळे हॅशटॅग होतात. एकच ठरवा.

✅ शुद्धलेखन तपासा. #बेदाणा, #बेदाणे, #बेदाना हे तीन वेगळे. मोबाईल बोलून टाइप करत असाल तर पाठवायच्या आधी एकदा वाचाच.

✅ सगळे मराठीत की सगळे इंग्रजीत? दोन्ही मिसळा. मराठी गिऱ्हाइकासाठी देवनागरी, परप्रांतीय आणि परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी एक-दोन इंग्रजी अक्षरांत. इंग्रजी अक्षरांत लहान-मोठी लिपी लिहिल्याने फरक पडत नाही, पण प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवलं तर वाचायला सोपं जातं.

✅ वाक्यात प्रत्येक शब्दाला # लावू नका. आधी नीट मजकूर, मग शेवटी हॅशटॅग.

✅ रोज तीच रांग चिकटवू नका. माल बदलला, सण बदलला की हॅशटॅग बदला. संक्रांत संपल्यावर #तिळगूळ कशाला?

*७) हे लिहू नका. इथे नाव जाऊ शकतं, दंडही होऊ शकतो*

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण हॅशटॅगसुद्धा जाहिरातच आहे. 'मी फक्त हॅशटॅग लावला' असं म्हणून सुटता येत नाही.

❌ *दुसऱ्या गावाचं नाव.* सांगली बेदाणा आणि सांगली हळद या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेलं आहे. नाशिकची द्राक्षं, सोलापूरचं डाळिंब, जळगावची केळी, कोल्हापूरचा गूळ यांनाही आहे. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. मानांकनाचं नाव त्या भागातल्या, ठरलेल्या गुणवत्तेच्या मालासाठी असतं आणि ते अधिकृतपणे वापरण्यासाठी उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करायची असते. १९९९ चा हा कायदा २००३ पासून लागू आहे. खोटं मानांकन लावून माल विकल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद त्यात आहे.

आपल्याकडे सोलापूर, विजयपुराकडचा बेदाणाही सौद्याला येतो. तो माल वाईट नाही. पण तासगावात सौदा झाला म्हणून तो 'सांगली बेदाणा' होत नाही. बाहेरचा माल आपल्या नावावर खपतो म्हणून आपणच ओरड करतो ना? मग दुसऱ्याच्या मालावर आपल्या जिल्ह्याची पाटी आपणच लावायची नाही. नोंदणीचा अर्ज कसा करायचा याची माहिती कंपनीच्या कार्यालयात मिळेल.

❌ *#ऑरगॅनिक, #सेंद्रिय, #विषमुक्त.* एनपीओपी किंवा पीजीएस-इंडियाचं प्रमाणपत्र हातात असेल तरच. कमी फवारणी केली म्हणजे सेंद्रिय होत नाही. त्यापेक्षा जे खरं आहे ते मजकुरात लिहा: 'तपासणी अहवाल उपलब्ध', 'गंधकाची धुरी न दिलेला'. शिकलेलं गिऱ्हाईक नेमकं हेच विचारतं.

❌ *#रक्तवाढ, #शुगरवरउपाय, #कॅन्सर.* अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा करता येत नाही. अन्न सुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. हळदीच्या पोस्टवर हा मोह जास्त होतो, सांभाळा.

❌ *#एक्स्पोर्टक्वालिटी.* निर्यातीच्या कागदांशिवाय नको.

❌ *चालू घडामोडीचे हॅशटॅग.* क्रिकेटचा सामना, सिनेमा, निवडणूक, एखादी दुर्घटना. लोकांचं दुःख किंवा भांडण चालू असताना त्याच्याखाली बेदाण्याचं पाकीट दिसलं की गिऱ्हाईक कायमचं जातं.

*८) नमुना पोस्ट (बदल करून वापरा)*

*नमुना १: बेदाणा*
_सांगली जिल्ह्यातला हिरवा बेदाणा, आमच्या स्वतःच्या शेडवरचा. यंदाचा नवा माल, देठ काढून प्रतवारी केलेला. अर्धा किलो आणि १ किलो पाकीट. पुणे शहरात घरपोच. भाव खाली लिहिलाय. ऑर्डरसाठी मेसेज करा._
#सांगलीबेदाणा #मनुका #किशमिश #पुणेघरपोच + तुमचा हॅशटॅग

*नमुना २: हळद*
_यंदाची राजापुरी हळद. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आमच्याच गावात दळलेली. रंग वरून घातलेला नाही. पाव किलोपासून पाकीट._
#हळदपावडर #सांगलीहळद #घरगुतीमसाले + तुमचा हॅशटॅग

*नमुना ३: शेडवरचा छोटा व्हिडिओ*
_द्राक्षाचा बेदाणा कसा होतो? घड द्रावणात बुडवतो, रॅकवर पसरतो, साधारण पंधरा दिवसांत वाळतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो._
#बेदाणाकसाबनतो #मनुका #सांगली + तुमचा हॅशटॅग

तिसऱ्या नमुन्याकडे लक्ष द्या. त्यात विक्रीचा एक शब्द नाही. पण चार किलोचा एक किलो होतो हे ज्या ताईंनी पाहिलं, त्या पुढच्या वेळी 'एवढा महाग का?' असं विचारणार नाहीत. भाव समजावण्याचं काम व्हिडिओ करतो, हॅशटॅग त्यांना तिथपर्यंत आणतो.

*९) उपयोग झाला की नाही, कसं कळणार?*

लाईक मोजू नका. विचारणा मोजा. फवारणीची नोंद ठेवता तशी एका वहीत रकाने करा: तारीख, कुठली पोस्ट, कुठले हॅशटॅग, किती जणांनी भाव विचारला आणि त्यातल्या किती ऑर्डर झाल्या.

प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारा: 'ताई / दादा, आमची पोस्ट तुम्हाला कशी सापडली? काय शोधत होतात?' त्यांनी सांगितलेला शब्द जसाच्या तसा वहीत लिहा. महिनाभरात तुमच्याकडे असे शब्द जमतील जे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळणार नाहीत.

दोन आठवडे एक हॅशटॅग ठेवा, मग त्यातला *एकच* बदलून बघा. सगळे एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एका प्लॉटवर खत बदलून दुसरा तसाच ठेवतो, तीच पद्धत.

*१०) आपल्या ग्रुपवरही उपयोग करा*

व्हॉट्सॲप ग्रुपवर हॅशटॅग निळा होत नसला तरी शोधायला कामाला येतो. आजपासून ग्रुपवर सौद्याचा भाव टाकताना #भाव, औषधाची माहिती टाकताना #फवारणी आणि शेड किंवा मजूर हवे असतील तर #शेड किंवा #मजूर असं लिहा. मग ग्रुपच्या शोधात तो शब्द टाकला की जुने संदेश लगेच सापडतात. शुभेच्छांच्या फोटोंखाली भाव हरवणार नाही.

*थोडक्यात, खिशात ठेवा*

१. पोस्ट 'पब्लिक' आहे का?
२. पहिल्या ओळीत माल, वजन, ठिकाण आहे का?
३. हॅशटॅग गिऱ्हाइकाच्या शब्दात आहे का?
४. आधी शोधून बघितलाय का?
५. तीन ते पाचच आहेत का?
६. लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे का?

सहाव्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर पोस्ट टाकू नका. बाकीच्या चुका उद्या सुधारता येतात, गिऱ्हाइकाचा गेलेला विश्वास परत येत नाही. आणि गेला तर तो एका सभासदाचा नाही, अख्ख्या जिल्ह्याच्या मालाचा जातो.

*या आठवड्याचं काम:* शहरातल्या तीन ओळखीच्या घरी फोन करा. बेदाण्याला, हळदीला ते काय म्हणतात, दुकानात कसं मागतात ते विचारा. मिळालेले शब्द आपल्या गटप्रमुखांकडे द्या. सगळ्यांचे शब्द एकत्र करून कंपनी यादी तयार करेल आणि याच ग्रुपवर पाठवेल. घरातल्या मुला-मुलींना, सुनांना हा पाठ जरूर दाखवा. मोबाईल त्यांच्या हातात जास्त असतो आणि गिऱ्हाइकाचं बोलणंही त्यांना पटकन कळतं.

शंका असेल तर ग्रुपवर #शंका लिहून विचारा.